हळू सायकल आणि सुबरावाचं काळीज

वडगावात एखाद्यानं कामाला उशीर केला की लोक त्याला विचारतात, "काय रं, सुबराव झालास व्हय?" दुसरा कुणी असता तर असल्या बोलण्यानं पेटून उठला असता. सुबराव उलट मिशीवरनं हात फिरवतो. आपलं नाव अख्ख्या गल्लीच्या तोंडात बसलंय याचा त्याला भारी अभिमान. आणि का नसावा हो? पहिला येऊन बक्षीस घेणारे गल्लोगल्ली सापडतील. शेवटी येऊन बक्षीस घेणारा माणूस एकच, आणि तो आमच्या विणकरांच्या आळीत राहतो.

त्याचं असं आहे, की इथलं गणपती मंडळ दरसाल हळू सायकलची शर्यत घेतं. चुन्याच्या फक्कीनं रस्त्यावर पट्टे आखायचे, शिट्टी झाली की सायकलवर बसायचं, आणि जो सगळ्यात शेवटी पलीकडची रेघ ओलांडील तो जिंकला. पाय जमिनीला टेकला की बाद. चाक पट्ट्याबाहेर गेलं की बाद. ऐकायला सोपं वाटतंय ना? एकदा करून बघा. चांगले धट्टेकट्टे गडी चार हातांत आडवे होतात. सुबराव तिथं सायकल अशी धरायचा, की बघणाऱ्याला वाटावं, चाकांना कुणीतरी खिळा ठोकलाय. हँडल जरा इकडं, जरा तिकडं, पेडल बोटभर पुढं, पुन्हा थांबला. बाकीचे पडून, उठून, चहा पिऊन परत आले तरी हा आपला अर्ध्या वाटेत.

बक्षिसाला दरवर्षी स्टीलची घागर. चंपाबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, स्वयंपाकघरातल्या फळीवर या घागरींची रांग लागली होती आणि रांगेच्या टोकाला अजून एका घागरीपुरती जागा उरली होती. ती यंदा भरायची, असं सुबरावानं मनावर घेतलं होतं. कारण खालच्या गल्लीतला मारुतीराव यंदा शहापुरातल्या दोन मंडळांत जिंकून आला होता आणि चहाच्या गाड्यावर सांगत सुटला होता, "सुबरावअण्णाचं आता वय झालं. आता बसून बघूदेत की."

सायकलच काय, सुबरावाचं सगळंच सावकाश. जेवायला बसला की ताटातली आमटी गार व्हायची. त्याला एखादी गोष्ट विचारली, तर विचारणारा घरी पोचल्यावर उत्तर यायचं. घरात पुढच्या खोलीत चार पावरलूम. तेवढेच काय ते त्या घरात घाई करणारे. खटाखट खटाखट दिवसभर. आणि त्यांच्याबरोबर चंपाबाई. कांड्यांवर सूत भर, पाणी वर चढव, सूत माळ्यावरनं काढ, साड्यांच्या घड्या घाल, तुळशीला पाणी, गॅसवर दूध. नवऱ्यानं सावकाश जगायचं म्हणजे कुणीतरी त्याच्या वाटणीची घाई करावीच लागते. ती तिनं लग्न होऊन आल्या दिवशी पदरात बांधून घेतली होती आणि कधी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. तोंडानं मात्र ती फटकळ, ते वेगळं.

तर उन्हाळ्यात झालं असं, की सुबराव सुताचं गाठोडं खांद्यावर घेऊन आत आला आणि उंबऱ्यातच मटकन बसला. तोंडाचा आ वासलेला, कपाळावर घाम. पाणी पाजलं, वारा घातला, तसा सावरला. पण राणी त्या दिवशी नेमकी माहेरी आलेली. राणी ही त्यांची एकुलती एक लेक, निपाणीला दिलेली, तिथंच शाळेत मास्तरीण. वर्ग सांभाळून सांभाळून तिचा आवाजही तसाच झालेला. तिनं बापाला उभ्या उभ्या रिक्षात घातलं आणि डॉक्टरपुढं नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. सरकत्या पट्ट्यावर चालवलं, तारा जोडल्या, कागद काढले. मग म्हणाले, "काळीज चांगलं आहे. पण आळशी झालंय. त्याला कामाला लावा. पोहा, पळा, दोरीवरच्या उड्या मारा, सायकल मारा, फुटबॉल खेळा, काहीही करा. पण असं करा की धाप लागली पाहिजे. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत."

"म्हंजे जोरात?" सुबरावानं विचारलं.

"जोरातच."

 सुबरावाला कुणी जन्मात असलं औषध सांगितलं नव्हतं.

राणीनं मग एकेक करून बघितलं. पहिल्यांदा पोहायला धाडलं. तलावात उतरल्यावर हा पाठीवर पडला, डोळे मिटले आणि पानासारखा तरंगत राहिला. काठावरच्या शिपायाला वाटलं, गेला! त्यानं शिट्टी फुंकत उडी टाकली. मग दोरीच्या उड्या. दोन उड्यांच्या मध्ये सुबराव थांबायचा, दोरी सरळ आहे का बघायचा, मिशी पुसायचा, मग पुढची उडी. मग मैदानावर पळायला गेला, तर त्याच्यामागं लागलेली कुत्रीच कंटाळून परत फिरली. फुटबॉलवाल्या पोरांनी "आप्पा, तुम्ही गोलात उभं ऱ्हावा" म्हणून सन्मानानं एका जागी उभं केलं आणि तिथं तो इतका रमला, की चेंडू मागं जाऊन जाळीत बसला तरी याला पत्ता नाही.

राहिली सायकल. "सायकल जोरात कुणीबी मारतंय," सुबराव म्हणाला, "त्यात काय कला हाय?"

"कला नको, आप्पा, घाम पाहिजे," राणी म्हणाली आणि तिनं त्याला येळ्ळूरच्या वाटेला लावलं.

आता तिकडं राजहंसगडाचा चढ आहे. चढावर सावकाश जाता येत नाही. एक तर पेडल मारा, नाही तर मागं या. सुबराव पहिल्या दिवशी मागं आला. दुसऱ्या दिवशीही मागंच आला. पण आठवडाभरात चढानं त्याला आपलं म्हणणं पटवलं. छातीचा भाता व्हायचा, कानशिलं तापायची, सदरा पाठीला चिकटायचा. वर पोचला की दगडावर बसून खालची हिरवी भातखाचरं बघायची आणि जिंकल्यासारखं हसायचं. पुढंपुढं तर तो कुठंही न थांबता चढायला लागला. पायऱ्या चढताना धाप लागायची ती थांबली, झोप लागायला लागली, भूक वाढली. काळीज कामाला लागलं होतं यात शंका नाही.

खरी भानगड केली ती घड्याळानं.

राणीनं निपाणीहून येताना बापासाठी एक घड्याळ आणलं. काळं, चौकोनी, रबरी पट्ट्याचं. मनगटावर बांधलं की ते काळजाचे ठोके मोजतं, घरातल्या फोनला सांगतं आणि तिथनं राणीच्या फोनवर निपाणीत सगळं दिसतं. "आप्पा, हे हातातनं काढायचं न्हाई," तिनं बजावलं. "काढलासा की मला लगेच कळतंय. मग मी शाळा सोडून येणार बघा."

दुसऱ्याच दिवशी सुबराव मागावर तुटलेला धागा जोडायला वाकला. विणकराचा हात ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या दोऱ्यांत, कसा जातो हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. उघडं, मोकळं मनगट, आणि ते दोऱ्यांच्या मधनं निसटतं आत. आमच्याकडं मागावर बसणारा अंगठी घालत नाही, गंडादोरा दंडाला बांधतो, मनगटाला नाही. आणि याच्या मनगटावर हे काळं धूड! पट्ट्याची कडी धाग्यांत अडकली, यानं हात ओढला आणि ताण्याचा झुपकाच्या झुपका तटातट तुटला. तो जोडण्यात संध्याकाळ झाली. सुबरावानं आयुष्यात पहिल्यांदा शिवी दिली, तीही सावकाश.

"हे घे," त्यानं घड्याळ सोडून चंपाबाईपुढं धरलं. "मागावर हे जमायचं न्हाय."

"आणि राणी?"

"तिला कुणाच्या तरी हातात असलं म्हंजे झालं की."

चंपाबाईनं जरा विचार केला. तिच्या कांड्यांच्या चरख्याला घड्याळाची अडचण नव्हती. तिनं ते बांगड्यांच्या वर, पदराआड चढवलं. "एवढी वर्सं एका ताटात जेवतोय," ती म्हणाली, "काळीज काय येगळं असतंय व्हय दोघांचं?"

दोघंही हसली आणि प्रश्न मिटला. सायकलवर जाताना तरी त्यानं ते बांधावं की नाही? नाव नाही! डाव्या हाताला वजन पडतं, तोल बिघडतो, शर्यतीची सवय मोडते, असं त्याचं म्हणणं. राणी माहेरी आली की मात्र फाटकाचा आवाज होताच चंपाबाई घड्याळ काढायची आणि सुबरावाच्या मनगटावर चढवायची. चोरी पकडली जायची नाही, कारण राणी शनिवारी दुपारी यायची आणि घड्याळ बघायच्या आधी ताट बघायची.

पण निपाणीहून फोन यायला लागले.

"आप्पा, काल सकाळी एकशे चाळीस? गडावर होतासा काय?"

"व्हय की," सुबराव म्हणाला. त्या वेळी तो गडावर होता, हे खरंच.

"बरं, ते ठीक. आणि दुपारी तीनला एकशे तीस?"

"तवा झोपलोतो."

"झोपेत एकशे तीस?"

सुबराव घाबरला. तो चांगला घोरत होता. चंपाबाई तेव्हा खालनं पाण्याच्या कळशा वर नेत होती, पण तिचा कुणी विचारच केला नाही. आकडा सुबरावाचा होता ना! राणीच्या फोनात नावच तसं लिहिलेलं, 'आप्पा'.

राणीनं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, असं असेल तर तूर्त जोराचा खेळ बंद, विश्रांती द्या, गणपती झाले की घेऊन या. राणीनं फर्मान काढलं. गड बंद. सायकल बंद. जड उचलायचं नाही. "आणि आकडा खाली आला न्हाई तर शर्यतबी न्हाई. तिथं श्वास रोखून बसता तुम्ही, मला म्हाईत हाय."

शर्यत नाही!  काळजाचं त्याला एवढं वाटलं नव्हतं. पण मारुतीराव घागर घेऊन गल्लीतनं मिरवत चाललाय आणि आपण कट्ट्यावर शाल पांघरून बसलोय, हे चित्र त्याला बघवेना. गणपती दोन आठवड्यांवर आलेले. काही करून आकडा खाली आणायचा, असं ठरलं.

मग त्या घरात जे सुरू झालं त्याला खूळच म्हणायचं. सुबरावानं चहा सोडला, तिखट सोडलं. सकाळी डोळे मिटून बसायचं, दुपारी आडवं व्हायचं, संध्याकाळी पाय लांब करून गल्ली बघायची. मुळातच सावकाश माणूस, तो आता जवळजवळ थांबलाच. आणि त्यानं जे जे सोडलं ते चंपाबाईनं उचललं. आता चार मागांच्या मधनं तीच पळायला लागली. सुताची गाठोडी तीच आणायची, माळ्यावर तीच चढायची, दळण तीच आणायची, वर नवऱ्याचं अळणी वेगळं शिजवायचं. नवरा जितका पडून राहील तितकी बायको जास्त धावायची, आणि बायको जितकी धावेल तितका नवऱ्याचा आकडा चढायचा!

"एकशे अडतीस," निपाणीहून राणी.

सुबरावानं रेडिओ ऐकणं सोडलं.

"एकशे चव्वेचाळीस."

त्यानं कूस बदलणं सोडलं.

चंपाबाई मधेच जिन्यात थांबायची. कठड्याला धरून, छातीवर तळवा ठेवून. कुणी बघितलं तर म्हणायची, "पित्त गं बाई." जिऱ्याचं पाणी प्यायची आणि पुढं चालू पडायची. रात्री उशाला दोन उशा घ्यायला लागली होती. विचारलं तर म्हणे, मान दुखते. सुबराव तिच्याकडं बघायचा आणि मनात म्हणायचा, माझ्या काळजीनं वाळली बिचारी. त्याला खरंच वाईट वाटायचं. तो आणखी जरा कमी हलायचा.

गणपती आले. राणी रजा टाकून शर्यतीच्याच दिवशी आली आणि दारातच घड्याळ बापाच्या हातात बघून समाधान पावली. चंपाबाईनं ते वेळेत पोचवलं होतं. लेक बसते न बसते तोच सुबराव तिच्यापुढं उभा राहिला, हात बांधून, शाळेतल्या पोरासारखा.

"एकदा बसू दे गं. एकदाच. हळूच तर जायाचं असतंय."

राणीचं मन विरघळलं. बाप कधी काही मागत नाही. "एका अटीवर," ती म्हणाली. "घड्याळ हातात पाहिजे. फोन माझ्याजवळ. मी पट्ट्याच्या कडेनं चालत ऱ्हाणार. शंभराच्या वर आकडा गेला की तिथंच खाली उतरायचं, शिट्टीबिट्टी काय न्हाई."

"तोल जातोय गं घड्याळानं."

"मग बसू नका."

बसला. जाईल कुठं?

गल्ली तुडुंब भरली होती. पट्टे आखले होते, मंडपातनं ढोल चालला होता आणि माईकवर होता नागेंद्र. मंडळाचा सेक्रेटरी. हातात माईक आला की त्याला आवरायला दुसरा माईक लागतो. त्यानं राणीच्या हातातला फोन बघितला, घड्याळाचा प्रकार समजून घेतला आणि जाहीर केलं, "भक्तजनहो! यंदा सुबरावअण्णांच्या काळजाचे ठोके थेट माईकवर! निधान, अण्णा, निधान!" कानडीत 'सावकाश' म्हणायला निधान म्हणतात. सुबरावाला असं सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं.

शिट्टी झाली. सातजण निघाले. निघाले म्हणजे काय, न निघायचा प्रयत्न करायला लागले. पहिल्या झटक्यात तिघांचे पाय टेकले. त्यातला एकजण मंडपाच्या खांबाला जाऊन मिठी मारून उभा राहिला. थोड्या वेळानं आणखी दोघं गेले. उरले दोन. इकडं सुबराव, तिकडं मारुतीराव. मारुतीराव दातओठ खाऊन हँडल हलवत होता. सुबराव शांत. पेडल बोटभर. थांबला. बोटभर. थांबला.

कडेनं राणी फोनकडं बघत चाललेली. चाललेली कसली, उभीच होती. "आप्पा, शहात्तर!" ती आश्चर्यानं म्हणाली.

"शहात्तर!" नागेंद्र गरजला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"चौऱ्याहत्तर!"

"अरे काय काळीज हाय का तळं हाय!" नागेंद्र. पुन्हा टाळ्या. पोरं शिट्ट्या मारायला लागली. मारुतीरावाला घाम फुटला. त्याचं चाक पट्ट्याच्या रेघेला शिवता शिवता राहिलं.

सुबरावाला आनंद झाला. आकडा उतरला! चहा सोडल्याचा गुण आला, अळणी खाल्ल्याचा गुण आला. बोटभर पेडल. थांबला. मग त्याच्या डोक्यात एक विचार निघाला. त्याचे विचारही त्याच्या सायकलीसारखेच, बोटभर सरकायचे आणि थांबायचे. काल तर एकशे चाळीस होता. काल मी काय करत होतो? पडलो होतो. आज शर्यतीत बसलोय, सगळी गल्ली बघतीय, मारुतीराव बाजूला हाय, आणि आज चौऱ्याहत्तर. असं कसं? काल आणि आजमध्ये बदललं काय? मी तर तोच.

बोटभर पेडल. थांबला.

हात बदलला की.

त्यानं मान वर केली. शर्यतीत मान वर करायची नसते, तोल जातो, पण केली. पलीकडच्या रेघेजवळ बायकांची गर्दी उभी होती. सगळ्याजणी उभ्या होत्या. चंपाबाई एकटी कट्ट्यावर बसली होती. तिला उभं राहवत नव्हतं. एक तळवा छातीवर आणि दुसऱ्या हातानं ती त्याला खुणावत होती, सावकाश, सावकाश. आणि हसत होती. ओठ निळसर दिसत होते का? का मंडपाच्या निळ्या कापडाची सावली होती? ते एकशे तीस. ते झोपेतलं. ते एकशे चव्वेचाळीस. ते जिन्यातलं पित्त.

सुबरावानं पेडलवर पाय दाबला.

पुऱ्या ताकदीनं. गडाच्या चढावर दाबायचा तसा. सायकल सणसणत सुटली, राणी बाजूला उडाली, फक्कीची धूळ उठली आणि नागेंद्राच्या तोंडातला आकडा तोंडातच राहिला. गल्लीनं सुबरावाला घाई करताना कधी पाहिलंच नव्हतं. क्षणभर सगळ्यांना वाटलं, ब्रेक तुटला. रेघ ओलांडून सायकल तशीच पुढं गेली, कट्ट्याला आपटली, सुबरावानं ती तिथंच टाकून दिली.

"हरले!" कुणीतरी ओरडलं. "सुबरावअण्णा हरले!" मारुतीराव मागं पट्ट्यात एकटाच डुगडुगत उभा होता. आपण जिंकलो हे त्याला अजून कळलं नव्हतं.

"खूळ लागलं काय तुम्हाला?" चंपाबाई कडाडली. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. "घागर गेली की वो! हातातली घागर गेली!"

"जाऊंदे गं ती घागर." सुबराव तिच्यापुढं गुडघ्यावर बसला होता. त्यानं आपल्या मनगटावरचं घड्याळ सोडलं. घाईत कडी निघेना. निघाली तशी त्यानं ते तिच्या बांगड्या वर सारून तिच्या मनगटावर बांधलं, आणि मागं धावत आलेल्या लेकीला म्हणाला, "आता बघ. आता सांग आकडा."

राणीनं फोनकडं बघितलं. जरा वेळ आकडा आलाच नाही. मग आला.

"एकशे बेचाळीस," ती हळूच म्हणाली. "आप्पा, आई बसलीय. आई नुसती बसलीय."

"ते घड्याळ हिच्याच हातात असायचं, राणी. पहिल्यापासनं."

नागेंद्रानं माईक बंद केला. एवढं शहाणपण त्याला आयुष्यात पहिल्यांदा सुचलं असावं.

चंपाबाईला हलवायला मंडळाच्या पोरांनी गर्दीतनं वाट काढून दिली. दवाखान्यात त्याच डॉक्टरांनी तपासलं. तारा जोडल्या, कागद काढले, रक्त तपासलं. रक्त फारच कमी आणि काळजाची लय चुकलेली. "किती दिवसांपासून हे चाललंय?" त्यांनी विचारलं. चंपाबाई म्हणाली, पित्त हाय. राणी खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. तिच्या फोनात इतके दिवस आईचं काळीज धडधडत होतं आणि ती बापाला विश्रांती घ्यायला लावत होती. ती रडली, मग आईवर ओरडली, मग पुन्हा रडली.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आणखी थोडे दिवस असंच ओढलं असतं तर मी काही बोलू शकलो नसतो. मग त्यांनी घड्याळ हातात घेऊन विचारलं, "पण मला एक सांगा, तुमचं घड्याळ यांच्या हातात का दिलंत?"

सुबरावाला उत्तर द्यायला नेहमीपेक्षाही जास्त वेळ लागला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "आमचं एकच हाय असं वाटलंतं." आणि तो डॉक्टरांसमोर, लेकीसमोर, परिचारिकेसमोर ढसाढसा रडला.

चंपाबाईनं पलंगावरनं त्याला रागावून गप्प केलं.

आता फळीवरच्या त्या रिकाम्या जागेत औषधाच्या गोळ्यांचा डबा आहे. मारुतीराव घागर घेऊन एकदा घरी आलता, ठेवून घ्या म्हणाला. चंपाबाईनं त्याला चहा पाजला आणि घागर परत दिली. सुबराव पाणी भरतो, दळण आणतो, माळ्यावर चढतो आणि त्याची आमटी आता गरम असतानाच संपते, कारण त्याला पुढची कामं असतात. लोक म्हणतात, सुबराव बिघडला. तो मिशीवरनं हात फिरवतो.

थंडी सरता सरता डॉक्टरांनी चंपाबाईला सांगितलं, आता जरा हिंडाफिरायला, जमेल तसं सायकल मारायला हरकत नाही. तिला सायकल येत नव्हती. कधी शिकणार? सगळी सायकल नवऱ्यानं वापरून संपवली होती. म्हणून मग वडगावकरांना हल्ली सकाळी धामण्याच्या रस्त्यावर असं दिसतं, की पुढं चंपाबाई, पदर खोचलेला, हँडल घट्ट धरलेलं, मनगटावर काळं घड्याळ. आणि मागं कॅरियर धरून पळणारा सुबराव. धापा टाकत, घामानं निथळत. बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं अगदी तितपत.

फोन वाजला की दोघं थांबतात. "आई, एकशे पाच झालंय, जरा दम खा," निपाणीहून राणी.

"माझं न्हवं, तुझ्या बाचं बघ आधी," चंपाबाई सांगते. "फेस आलाय तोंडाला."

परवा तिला तोल सापडल्यासारखा वाटला. रस्ता मोकळा होता, उतार नव्हता, चाक सरळ चाललं होतं. "सोडा आता," ती पुढनं ओरडली. "येतंय मला. सोडा म्हंते न्हवं!"

"न्हाय सोडत," सुबराव मागनं धापा टाकत म्हणाला. "घड्याळ सोडलंतं एकदा, तेवढं बास झालं."

 जरा पुढं गेल्यावर तिनं पेडल सावकाश केलं, त्याला पळायला सोपं जावं म्हणून.